खाड्याच्या गोळ्या

आमचे मालक, म्हंजी माझा नवरा, वेव्हाराला लई चोख. कुनाचं काम अंगावर ठेवायचं न्हाई. त्याच चोखपनानं घात केला.

त्यांच्या क्षयाच्या गोळ्या पाथर्डीच्या दवाखान्यातून मिळायच्या, रोज घ्यायच्या. ऊसतोडीला निघताना त्या घरीच राहिल्या. ईस दिसांनी खोकल्यातून रगत पडाय लागलं, तवा मुकादमानं आमाला माघारी धाडलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं हुतं. डॉक्टर गोळ्या मोजायचा, उरल्या की वरडायचा. टोळीत खाडा पडला की पुढं दुप्पट तोडून भरून काढायचा, ही आमची रीत. मालकांनी तीच रीत गोळ्यांना लावली. मी सरपन घिऊन येस्तवर ईस दिसांच्या गोळ्या पान्यासंगं गिळून बसले हुते.

"भरला खाडा," म्हनले आन हसले.

तासाभरात हातपाय ताठ, डोळं पांढरं, तोंडाला फेस. जरा थांबायचं, पुन्ना झटका यायचा. आत्याबाई, म्हंजी माझी सासू कडूबाई, काळजाच्या दुखन्याची. नगरच्या डॉक्टरच्या गोळीनं तिच्या छातीतली धडधड बसायची. आत्याबाई पुडी सोडत म्हनल्या, "माजी धडधड बसवती, मंग माझ्या गहिनीचं अंग का न्हाई बसवायची? दे त्याला."

मला काय कळतंय? नको म्हनायला तरी काय आधार? दातखीळ बसल्याली. गोळी चुरून गालात लावली, ती फेसासंगं भाईर आली. दुसरी लावली, तीबी आली. भायांनी, माझ्या थोरल्या दिरांनी, बैलगाडी जुपली. दवाखाना दिसाय लागला आन मांडीवरचं डोकं जड झालं.

डॉक्टर म्हनला, क्षयाच्याच गोळ्या जास्त झाल्या, त्यानं झटके आले. मी इचारलं, "काळजाची गोळी पोटात गेली असती, तर वाचले असते का?"

तरना मानूस, पर खोटं बोलला न्हाई. "ही गोळी उंदरांवर कुणी तपासतंय, असं वाचलंय. माणसाचं मला माहीत नाही, बाई."

मंग मी कुनाला इचारायचं हुतं?

तेरावं झाल्यावर आत्याबाईच्या उशाखाली चार गोळ्या घावल्या. चार दिस घेतल्याच न्हवत्या. माझं डोकं फिरलं. "मला एकटीला टाकून जाता व्हय?" म्हनले.

त्यांनी चारी गोळ्या तळहातावर घेतल्या. "चिडू नगं, बनू. भरून काढते खाडा."

मी झडप घालून हात धरला. तीन गोळ्या काढल्या, एक ठिवली.

"राहू द्या, आत्याबाई," मी म्हनले. "पडला खाडा तर पडू द्या."