मोडीत काढलेली मोटार

म्हाळू सुतार मोटारीच्या पुढच्या चाकासमोर उकिडवा बसला, एका आऱ्यावर त्याने हात ठेवला आणि तो तसाच बसून राहिला. मागे भगवानराव आणि मुंजाजी मिस्त्री बोलत होते, त्यातलं एक अक्षर त्याच्या कानात शिरत नव्हतं.

चाक लाकडाचं होतं.

मोटार म्हणजे नुसतं लोखंड, तिथे आपल्याला काय कळणार, असं तो गावाहून निघताना भगवानरावांना म्हणाला होता. आणि इथे वरून रबर असलं तरी आत बारा आरे होते, बाराही एका जाडीचे, मधल्या तुंब्यात असे बसवलेले की सांध्यात नख जाऊ नये. रंग उडालेल्या जागी त्याने लाकडाचा वास घेतला. बाभूळ नव्हे, साग नव्हे, धावडाही नव्हे. कडा या गावाजवळच्या आपल्या खेड्यात पस्तीस वर्षं तो बैलगाड्यांची चाकं घडवत आला होता. आंधळ्याने चेहरा चाचपावा तसा तो अंगठ्याने एकेक सांधा चाचपत गेला. साता समुद्रापलीकडे कुणी सुतार असेल, त्याच्याही अंगठ्याला असाच घट्टा असेल, आणि त्याच्या हातचं काम आज नगरच्या या पत्र्याच्या शेडमध्ये आपल्यापुढे उभं आहे, या विचाराने त्याला हात जोडावेसे वाटले. मागे दोन माणसं होती म्हणून त्याने जोडले नाहीत.

भगवानराव त्याच्या गावचे जमीनदार. वय तिशीच्या आतबाहेर. त्यांच्या घरी कौशल्याबाईंना सातवा महिना होता. पहिल्या खेपेला त्या तीन दिवस अडल्या होत्या. मूल गेलं आणि त्या कशाबशा वाचल्या. चौदा कोसांवर नगरला मिशनचा दवाखाना होता, तिथे बायकांची डॉक्टरीण होती. पण बैलगाडीने चौदा कोस म्हणजे एक रात्र आणि वर अर्धा दिवस. मोटार असती तर, हे तेव्हापासून भगवानरावांच्या डोक्यात बसलं होतं. नव्या मोटारीचं नाव काढणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. नगरच्या बाजारात कुणी सांगितलं, मुंजाजी मिस्त्रीकडे एक जुनी आहे, बैलजोडीच्या किमतीहून थोडी वर मिळेल.

एवढी स्वस्त का, ते मुंजाजीने काही न लपवता सांगितलं. तो मूळचा परभणीकडचा, कापसाच्या जिनिंगमधल्या इंजिनावर शिकलेला. मोटार पुण्याच्या एका व्यापाऱ्याची होती. घाटात दोन कोलांट्या खाऊन दरीतल्या झाडाला अडकली. माणसं वाचली. मोटारीचा विमा होता. माणसाचा विमा भगवानरावांना ठाऊक होता, मोटारीचा असतो हे ते पहिल्यांदाच ऐकत होते. कंपनीचा साहेब आला, भोवती फिरला, दुरुस्तीपेक्षा मोडलेली बरी असं लिहून मालकाला त्याने भरपाई दिली आणि मोटार मोडीत काढली. कंपनीच्या लेखी ती मेली. मुंजाजीने भंगार म्हणून ती उचलली आणि चार महिने खपून उठवून बसवली. कंपनीचा कागदही त्याने जपून ठेवला होता, तो त्याने पुढे केला.

भगवानरावांना इंग्रजी येत नव्हतं, पण तळाचा लाल शिक्का त्यांना दिसला आणि मन अडलं. मेलं म्हणून लिहिलेलं माणूस उठून दारात आलं, तर त्याला घरात घ्यायचं की नाही, हे कुणीतरी जाणत्याने सांगायला हवं होतं. निजामाच्या मुलखातल्या त्या कोपऱ्यात मोटार जाणणारा कोण मिळणार? चाकांवर चालणारं जे काही असेल ते जाणणारा एकच माणूस गावात होता, म्हणून ते म्हाळूला घेऊन आले होते.

मुंजाजीने पुढे जाऊन हँडल फिरवलं. मोटार खोकली, थरथरली आणि तिने आवाज धरला. म्हाळूला मागच्या गादीवर बसवलं, भगवानराव पुढे मुंजाजीशेजारी बसले. गावाकडच्या रस्त्यानेच जरा लांब नेऊन आणतो, असं मुंजाजी म्हणाला.

वेस मागे पडली आणि म्हाळूच्या तोंडचं पाणी पळालं. रस्त्याकडेची झाडं अंगावर धावून येत होती आणि बाजूने निघून जात होती. डोक्याचं मुंडासं त्याने एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने दार. पण भीती फार वेळ टिकली नाही. तिच्या जागी जे आलं त्याला त्याच्याजवळ शब्द नव्हता. उभ्या जन्मात कुठल्याही वाटेला त्याने असं शरण येताना पाहिलं नव्हतं. लांब दिसणारी टेकडी बघता बघता जवळ आली आणि वळली. शेतात कुळव धरलेला माणूस त्यांच्याकडे बघायला थांबला, आणि त्याचं बघून व्हायच्या आत दिसेनासा झाला.

मग त्याला ओढ्याची आठवण झाली.

अठरा वर्षांपूर्वी याच रस्त्याने तो आपल्या बायकोला, दगडाबाईला, नगरला घेऊन निघाला होता. दोन दिवस कळा चालू होत्या. गाडी त्याच्या स्वतःच्या हातची होती. तालुक्यात तिच्यासारखी दुसरी नव्हती, एक चाक कुरकुरलं नाही. आत पेंढा, त्यावर गोधडी. दगडाबाई मधून मधून विचारायची, किती राहिलं? तो म्हणायचा, आलंच. चिचोंडी मागे पडली तेव्हाही तो आलंच म्हणाला. पुढे ओढ्यात गाडी उतरली, चढून वर आली, आणि तिने विचारलं नाही. थोडं पुढे गेल्यावर ती का विचारत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. नगर अजून सहा कोस होतं.

आता तोच ओढा समोरून येणार होता. आला की हात जोडायचे असं ठरवून तो रस्त्यावर नजर रोवून बसला. मध्येच एकदा मोटार खाली गेली आणि वर आली.  मग घरं दिसू लागली आणि मुंजाजीने मोटार थांबवली. हे कुठलं गाव, असं म्हाळूने विचारलं. चिचोंडी, मुंजाजी म्हणाला.

म्हाळूने मागे वळून पाहिलं. ओढा केव्हाच गेला होता. मोटार खाली गेली आणि वर आली, तेवढाच तो. नगरातून निघताना चुलीवर डाळ शिजत ठेवली असती, तर ती अजून उतरली नसती.

भगवानरावांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे डोळे चमकत होते. मोटार घ्यायचीच हे त्यांच्या मनात ठरलं होतं. म्हाळूचंही ठरलं होतं. मेली तर मेली, उठून बसली ना? अठरा वर्षं उशिरा का होईना, कुणाच्या तरी कामी येईल.

परतताना त्याची नजर रस्त्यावरून मुंजाजीच्या हातांवर गेली. इतकं विलक्षण वाहन हातात कसं धरतात हे त्याला बघायचं होतं. रस्ता सुतासारखा सरळ होता, आणि मुंजाजीचे हात मोटार वळवायचं ते गोल चक्र सारखे थोडे उजवीकडे ओढून धरत होते. सोडले की पुन्हा ओढत होते. जातानाही हे आपण पाहिलं होतं, हे म्हाळूला आठवलं.

शेडमध्ये आल्यावर त्याने सुतळी मागितली.

नव्या गाडीची साटी, म्हणजे वरची बसायची चौकट, आसावर चढवली की म्हाळू जिला जू बांधतात त्या धुरेच्या टोकापासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत सुतळी लावून बघायचा. दोन्हीकडे एकच माप भरलं पाहिजे. न भरलं तर गाडी तिरकी चालते, एकाच बैलावर भार येतो आणि त्याची मान सुजते. इथे धुरा नव्हती. त्याने थोडा विचार केला. पुढची चाकं सरळ करायला सांगून सुतळीचं एक टोक पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यावर मुंजाजीला धरायला लावलं आणि पोटाखालून दुसरं टोक मागच्या उजव्या चाकाच्या मध्यावर नेऊन तिथे सुतळीला खुणेची गाठ मारली. मग पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. गाठ चाकाच्या मध्यापर्यंत पोचली नाही. दोन बोटं अलीकडे राहिली.

आपलीच चूक असावी अशी आशा धरून त्याने पुन्हा मोजलं. मग मुंजाजीला मागे पाठवून स्वतः पुढे बसून मोजलं. दोन बोटं ती दोन बोटंच.

"मिस्त्री," तो म्हणाला, "चालवताना हात का म्हून सारखा उजवीकडं वढत व्हता?"

"जरा डावीकडं जाती ती. रस्त्याला उतार हाय म्हणून आसंल."

"जाताना डावीकडं, येतानाबी डावीकडं. मंग रस्त्याचा उतार कोणीकडं म्हणायचा?"

मुंजाजीने सुतळीच्या गाठीकडे पाहिलं. म्हाळू उठला आणि भगवानरावांपुढे जाऊन उभा राहिला. लोखंडातलं आपल्याला कळत नाही, पण हिचं अंग आतून पिळलेलं आहे, बैलाच्या चालीला हे खपून गेलं असतं, या चालीला खपायचं नाही, असं त्याने सांगितलं. घाई असेल, रस्ता ओला असेल, आत अडलेलं माणूस असेल, अशाच वेळी ती हात सोडवून घेईल.

भगवानरावांचा चेहरा उतरला. मग त्यांना राग आला.

"तुमाला तरी कळाया पायजे व्हतं, म्हाळूबा. दगडाबाईच्या टायमाला आशी मोटार आसती तर?"

"म्हणूनच सांगतो, मालक," म्हाळू म्हणाला. "घिऊ नका."

 मुंजाजीने म्हाळूच्या हातातून सुतळी घेतली, स्वतः मोजलं, मोटारीखाली सरपटत गेला आणि पाठीला माती लावून बाहेर आला. लोखंड तापवून आपण सरळ केलं होतं, दिसायला सरळ दिसतंय, पण वाक राहिला आहे, हे त्याने कबूल केलं. कंपनीचा साहेब नुसता दोन फेऱ्या मारून गेला तेव्हा त्याला काय कळतंय म्हणून मी हसलो होतो, असंही तो म्हणाला. मग त्याने ती मोटार कुणालाच विकली नाही. इंजिन काढून एका मळ्यावर पाणी ओढायला दिलं, बाकीची सुटी केली. चार महिन्यांची मेहनत त्याने मातीत घातली आणि पुढे भेटला तेव्हाही त्याबद्दल म्हाळूला एक शब्द बोलला नाही.

त्या दिवशी मात्र शेडबाहेर बैल जुंपताना भगवानरावांनी हातातला कासरा खाली ठेवला. दोन महिने राहिलेत, आता मी काय करू, असं ते कुणाला न विचारल्यासारखं म्हणाले.

म्हाळू जुवाची खीळ लावत होता. तो तिथेच थांबला.

"बैलाला घाई जमत न्हाई, मालक. पर आपल्याला आधी निघता येतंय. म्हैनाभर आधी कौशल्याआक्कास्नी आणून ठिवू हितं. खोली बघू एखादी." खीळ बसवून त्याने हात झटकले. "मला तवा सुचलं न्हाई."

आठवा सरत आला तेव्हा ते निघाले. म्हाळूने गाडीला नवी साटी केली होती आणि खाली कापसाच्या गाद्यांचा थर दिला होता. तो गाडीत बसला नाही. चौदा कोस चाकाशेजारून पायी चालला. पुढे दगड दिसला की बाजूला करायचा, खळगा आला की चाकाला हात द्यायचा. वाटेत दोन मुक्काम केले. कौशल्याबाईंनी एकदा आतून विचारलं, मामा, किती राहिलं?

"लई ऱ्हायलंय, आक्का," तो म्हणाला. "पर येळबी लई हाय."

ओढ्यात गाडी उतरली आणि चढून वर आली. आत कौशल्याबाई झोपल्या होत्या. त्यांचं घोरणं ऐकून म्हाळूने चालता चालता मुंडाशाच्या टोकाने तोंड पुसलं.

दवाखान्याजवळ खोली मिळाली. म्हाळूने आता परतायला हरकत नव्हती, पण चाकाची लोखंडी धाव सैल झाली आहे, लोहाराला दाखवायची आहे, असं काहीबाही सांगून तो राहिला. तीन आठवड्यांनी एका सकाळी कौशल्याबाईंना आत घेतलं. दुपारी पांढऱ्या कपड्यातली नर्सबाई बाहेर आली आणि मुलगी झाल्याचं, दोघी सुखरूप असल्याचं सांगून गेली. भगवानराव धावत आत गेले. म्हाळू व्हरांड्यात बाकाच्या टोकाला बसून राहिला.

नर्सबाई पुन्हा बाहेर आली तेव्हा तो उठून उभा राहिला. दवाखाना इथे किती सालापासून आहे, असं त्याने विचारलं. तिने जरा आठवून सांगितलं, पंचवीस वर्षं तर झालीच असतील.

"आन् बाई, आधी येऊन ऱ्हायलं तर घेत्यात का हितं? म्हंजी कळा सुरू व्हायच्या आधी?"

"घेतो की," ती म्हणाली. "पहिल्यापासून आम्ही सगळ्यांना तेच सांगतो. कुणी येत नाही." त्याच्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, "तुम्ही बाळाचे आजोबा का?"

"न्हाई," म्हाळू म्हणाला. "मी सुतार."

दुसऱ्या दिवशी तो गावाकडे निघाला. गाडीत कुणी नव्हतं. गाद्या खोलीवर ठेवल्या होत्या. वेशीबाहेर रस्ता मोकळा लागला, तरी तो वर चढून बसला नाही. कासरा खांद्यावर टाकून तो चाकाशेजारून चालत राहिला, आणि वाटेत दगड दिसला की वाकून बाजूला करत राहिला.