हवालदाराचं वय

प्राण्यांच्या निवाऱ्यात भिंगरी आली की आधी तिचा आवाज यायचा, मग ती. कुत्र्यांची माहिती वेबसाइटवर भरायचं काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं, आणि त्यातल्या हवालदारावर तिचा भारी जीव. हवालदार म्हणजे एका डोळ्यात फूल पडलेला, ड्युटीवर घोरणारा म्हातारा कुत्रा. लोक यायचे, त्याच्यावरून नजर फिरवायचे आणि पिल्लं घेऊन जायचे. शेवटी तिने काय करावं? वयाच्या रकान्यातले अकरा पुसले आणि चार टाकले.

बरेच दिवस कुणाला पत्ता नव्हता. मग निवाऱ्यातल्या कुत्र्यांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी गुपचूप आकडा दुरुस्त केला आणि वेबसाइट सांभाळणाऱ्या तिच्या मावसभावाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भिंगरीने लॉगिन केलं, तर वय, आजार, औषधं हे सगळे रकाने करडे. दिसायचे, पण त्यात काही लिहिता येत नव्हतं. तिच्या हातात उरले फोटो आणि स्वभाव.

ती त्या मावसभावाशी, दादाशी, तावातावाने भांडली. मी काय चोर आहे का, त्याचं भलंच करत होते ना, असं बरंच काही. दादा मान वर न करता म्हणाला, "ते रकाने आता फक्त डॉक्टरांना."

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे एक आजी होत्या. त्यांना आणि आजोबांना म्हातारंच कुत्रं हवं होतं; आपल्यामागे पोरकं व्हायला नको म्हणून. वेबसाइटवर 'वयस्कर' निवडून त्या रोज शोधायच्या. एकही दिसेना, तेव्हा दुसरीकडून एक आणलं. आज सवयीने उघडलं, तर हवालदार दिसला.

"नवीन आलाय का गं हा?"

हो म्हटलं असतं तर विषय संपला असता.

"नाही आजी. तेव्हाही इथेच होता. मी त्याचं वय कमी लिहिलं होतं, म्हणून तुम्हाला दिसला नाही."

पलीकडे कुणीतरी जाड आवाजात भुंकलं. आजींनी त्याला गप्प केलं.

"आमच्याकडे दोघांना जागा नाही गं, बाळा," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या.

फोन ठेवून ती पिंजऱ्याशी जाऊन बसली. हवालदाराने शेपटी एकदा हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. नेहमी त्याच्याशी अखंड बडबडणाऱ्या भिंगरीला आज त्याला सांगण्यासारखं काहीच सुचेना.