सुंदराबाईची फेरी

मित्रांनो, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लांबूनच दिसतो ना, तो रंग उडालेला उंच आकाशपाळणा मीच. खाऱ्या वाऱ्यानं माझं लोखंड गंजलंय आणि फिरताना मी कुरकुरतो. पण आज मी माझं रडगाणं गाणार नाही. सुंदराबाईची गोष्ट सांगणार आहे.

माझा पाया भरला, तेव्हा डोक्यावरून काँक्रीटची घमेली वाहणाऱ्या बायकांत ती होती. लांज्याकडच्या एका गावातून ती कामाला आली होती. माझं चाक चढवलं त्या दिवशी मान वर करून ती म्हणाली, "वरनं दर्या कसा दिसतो, ते एकदा बगायचं हाय." माझं असं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं.

पुढे तिचा मुलगा सहदेव मला चालवायला लागला. रोज सकाळी तो माझे सांधे पुसायचा, वंगण घालायचा, एकेक बोल्ट हातानं चाचपून बघायचा. गणपतीपुळ्याचं दर्शन आटोपून पर्यटक यायचे. खाली असताना मोठे शूर. वर गेले की डोळे गच्च मिटून देवाचा धावा करायचे! मला हसू यायचं. सुंदराबाई दुपारी सहदेवचा डबा घेऊन यायची आणि रांगेकडे बघत बसायची.

"आये, एवढी गर्दी सरू दे. मग तुला निवांत बसवतो," तो म्हणायचा.

"होय रं बाला. मला काय घाई नाय."

दिवाळी गेली, नाताळ गेला, मे महिनाही गेला. अशी कितीतरी वर्षं गेली. गर्दी काही सरली नाही. मध्येच तिला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उरलेली किती झपाट्यानं जातेय, हे मात्र तिनं मुलाला कळू दिलं नाही. विचारलं की "जरा अंधुक दिसतं" एवढंच म्हणायची.

शेवटी एका दुपारी सहदेवनं रांग थांबवली आणि आईला हात धरून पाळण्यात बसवलं. ती चाचपडत चढली. घाबरली असेल, असं त्याला वाटलं. अगदी वर नेऊन त्यानं मला थांबवलं आणि खालून हाक मारली, "आये, दिसला काय दर्या?"

वर जाताना ती समोरच्या बाकावर सरकली होती. तिचं तोंड डोंगराकडे होतं. दर्या तिच्या पाठीमागे होता.

"दिसला रं! समदा दिसला!" ती ओरडली. मग तिनं डोळ्यांना पदर लावला.

मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं मला रोज वंगण मिळालं, आणि जिनं माझा पाया भरला ती रांगेबाहेर बसून राहिली. मी जमेल तितक्या हळू तिला खाली आणलं. सहदेव मात्र खूश होता. "आयेनं आज समदा दर्या बगितला," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता.

मित्रांनो, सहदेवला माझी भाषा कळत असती, तरी मी त्याला खरं सांगितलं नसतं. तुम्हीही सांगू नका. फक्त तुमच्या घरी कोणी असं वाट बघत बसलं असेल, तर त्यांना घेऊन या. रांग कितीही मोठी असली तरी आजच या.