माझा प्रभाव मोजला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना अंक आहे. माझा कागद पिवळा पडला आहे, पाठीला चिकटपट्टी लागली आहे, पण ताठा अजून गेलेला नाही. देशादेशांत युद्धं का पेटतात आणि ती कशी टाळता येतात, याचा अभ्यास छापणाऱ्या एका त्रैमासिकाचा मी अंक. छापखान्यातून मी आलो तेव्हा संपादकबाईंनी मला उघडून आधी हुंगलं, मग वाचलं. तेव्हापासून मी ते त्रैमासिक काढणाऱ्या संस्थेच्या वाचनालयात राहतो.

माझ्या पोटात एक लेख आहे. दोन शेजारी देशांच्या सेनापतींनी रोज सकाळी एकमेकांना फोन करावा, काम नसलं तरी करावा, म्हणजे गैरसमजातून गोळी सुटत नाही, असं त्यात साध्या भाषेत सांगितलं आहे. सुरुवातीला त्याला कुणी विचारलं नाही. मग हळूहळू दुसरे अभ्यासक आपल्या लेखांच्या तळटिपांत माझं नाव लिहू लागले. याला संदर्भ देणं म्हणतात. अभ्यासाच्या जगात आमची शाबासकी तेवढीच, आणि मला ती भरपूर मिळाली. बाकीचे अंक कपाटात अंग चोरून बसत, मी मात्र सदा कुणाच्या तरी टेबलावर.

पुढे ही शाबासकी मोजायची पद्धत आली. नियतकालिकाला किती संदर्भ मिळाले, त्यावरून दरवर्षी त्याच्या प्रभावाचा आकडा काढायचा. त्यात लेख धरायचे ते फक्त मागच्या दोन वर्षांतले. मी पडलो म्हातारा, त्यामुळे माझी सगळी कमाई हिशेबाबाहेर. आमचा आकडा घसरला. संस्थेच्या अध्यक्षांनी बाईंना कळवलं, की आकडा वाढला नाही तर त्रैमासिक बंद करू. बाईंचं सारं आयुष्य त्यात गेलं होतं. त्यांचा चेहराच उतरला.

सहसंपादकांनी तोडगा काढला. "लेख पाठवणाऱ्यांना सांगू ना, आमच्या ताज्या लेखांचे पाच-सहा संदर्भ घाला, मगच छापू. सगळीकडे चालतं हे."

"मागून घेतलेल्या शाबासकीत काय राम आहे?" बाई म्हणाल्या. "बंद पडलं तरी चालेल, पण हे नको."

मला त्यांचा फार अभिमान वाटला. त्रैमासिकाचा निर्णय घ्यायच्या बैठकीला त्या मलाच घेऊन गेल्या.

"हा अंक मोजणीत येत नाही, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणून तर आणलाय. एकदा चाळून तर बघा."

त्यांनी मला उघडलं आणि पान डोळ्यांजवळ नेलं. फोनच्या लेखाशेजारी समासात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं होतं.

"हे अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "विद्यार्थी होतो तेव्हाचं. माझ्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण या लेखावर उभं आहे, आणि संदर्भ द्यायचा तेवढा राहून गेला."

दुसऱ्यांचे संदर्भ मोजायला बसलेला माणूस स्वतः संदर्भ द्यायलाच विसरला होता. सहसंपादकांनी हसू कसंबसं दाबलं. मी काही दाबलं नाही.

यापुढे संस्थेने आपल्या हिशेबात जुन्या लेखांचे संदर्भही धरायचे आणि त्रैमासिक चालू ठेवायचं, असं त्याच बैठकीत ठरलं. बाई मला छातीशी धरून बाहेर आल्या आणि जिन्यात थांबून त्यांनी डोळे पुसले.

मित्रांनो, पुस्तकं फाडू नका, जागेवर ठेवा, हे तुम्हांला सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. मला खुशाल हाताळा, पानं दुमडली तरी मी रागावणार नाही. पण माझ्याकडून काही घेतलंत, तर माझं नाव सांगा. त्या एका ओळीवर आम्ही जगतो.