बारूदकोठीवरची खोळ

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मुकुलने बारूदकोठीच्या दारासमोर उभं राहून फॉर्मवर लिहिलं: बांधकामाच्या सालाचा पुरावा नाही.

कल्पिताने ते उलटं वाचलं. "थांबा ना जरा."

"सकाळपासून थांबलोच आहे, मॅडम."

दिवा स्टेशनच्या पलीकडे, डोंगर पोखरून उरलेल्या खदानपाड्यात जुन्या दगडखाणीच्या तीनच इमारती शिल्लक होत्या. मुकुल पालिकेचा सर्वेक्षक. कल्पिता याच पाड्यात वाढलेली, आता वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात नकाशे काढणारी. साहेबाच्या बंगल्याला छप्पर नव्हतं. काटाघरातल्या खड्ड्यात, जिथे दगडाचे ट्रक तोलले जात, तिथे कुणीतरी कोंबड्या पाळल्या होत्या. दोन्ही पालिकेच्या वारसा-यादीतून गेल्या. उरली सुरुंगाची दारू ठेवायची ही कोठी. दोन हात जाड भिंती आणि वर मुद्दाम हलकं छप्पर, भडका उडालाच तर आभाळाकडे जावा म्हणून. एकदा तो उडालाही. छप्पर गेलं, बाहेरचे अकरा पाथरवट वाचले. तेव्हापासून पाड्याने दारावरच्या दगडाला देव मानून शेंदूर लावला. दर दसऱ्याला एक थर. आता दगड दिसत नव्हता, नुसता शेंदराच्या खोळीचा केशरी फुगवटा.

"साल त्याच्याखाली कोरलेलं आहे," कल्पिता म्हणाली. "इंग्रजी आकड्यांत."

"असेल. शंभर वर्षं झालेली दिसली तर यादीत. पाचला यादी बंद. रस्त्यासाठी पाडायचं मशीन आलंय, मी येताना बघून आलेलो. उद्या इथे असेल."

"खरवडलं तर चालेल?"

"मला चालेल. त्यांना विचारा."

त्यांना म्हणजे तुळसा आत्याला. शेंदराचा मान तिच्या घरचा. ती उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती.

"देवाची खोळ देव टाकतो गो," ती म्हणाली. "माणूस नाय काढत. माझ्या आजीच्या वेळंला टाकली होती. वाजतगाजत खाडीत सोडली."

"आत्या, उद्या देवच राहणार नाही इथे."

"मग त्याला सांग घाई कर. माझ्यावर कशाला वरडतेस?"

सव्वातीनला टँकर आल्याची हाक आली. आत्या हंडे घेऊन गेली. कल्पिताने कोंबड्यांचं खुराडं ओढून आणलं, वर चढली आणि पर्समधून बापाची छिन्नी काढली. सकाळी निघतानाच ती तिने आत टाकली होती. का, ते स्वतःला विचारलं नव्हतं. मुकुल पाठ करून मोबाइल बघत राहिला.

छिन्नीचं टोक शेंदराला लागलं. तिने छिन्नी मागे घेतली आणि उगाच, बोटाच्या पेराने, खोळीवर टकटक केलं.

आवाज पोकळ आला.

धाकूआबा पाड्यातले शेवटचे पाथरवट, आता माजिवड्याला लेकीकडे. तिने त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

"तोंड नको दावू, दगड वाजव," आबा म्हणाले. "खाली... आता डावीकडं... पुन्हा." त्यांनी कान मोबाइलला लावला. "सुटलीय. तीन बाजूंनी सुटलीय. उजवीकडं धरून हाय."

"ओढू का?"

"हात तोड स्वतःचा आधी. आपली आपण पडंल."

"कधी, आबा?"

"आज. नायतर दिवाळीला. दगडाला घड्याळ नसतं पोरी."

चार वाजता आत्या परतली तेव्हा डाव्या काठाला केसाएवढा तडा होता. तिने आधी तडा पाहिला, मग छिन्नी.

"तू पाडलास?"

"वाजवलं फक्त. बोटाने."

"आधी होता का?"

"माहीत नाही, आत्या. खरंच माहीत नाही."

आत्याने घरात जाऊन नवी साडी आणली, घडी मोडून दाराखाली पसरली. खोळ जमिनीला लागू द्यायची नसते.

चार बावीसला डावा काठ बोटभर सुटून पुढे आला. मोबाइलच्या उजेडात आत एक उभी रेघ दिसली.

"एक!" कल्पिता ओरडली.

"एक तर सगळ्यांचाच असतो, मॅडम," मुकुल म्हणाला. पण फॉर्म त्याने बॅगेत घातला नाही, आणि आता तोही खुराड्यावर चढायला बघत होता.

"दोघं चढलात तर मोडंल," आत्या म्हणाली. "गपचूप उभे रहा."

चार एक्केचाळीसला नऊ दिसला. पुढचा आकडा शून्य किंवा एक असेल तर कोठी यादीत. तीन किंवा त्यापुढचा असेल तर उद्या मशीन. दोन असेल तर चौथ्या आकड्यावर. मुकुलने पालिकेत फोन करून दहा मिनिटं जास्त मिळतील का विचारलं. नाही मिळणार, असं उत्तर आलं.

चार छप्पन्नला खोळ उजव्या काठावर लोंबकळत होती. खाली साडीची टोकं आत्याने दोन्ही मुठींत धरली होती. तिसऱ्या आकड्याची फक्त वरची गोलाई दिसत होती. ती शून्याची असू शकत होती, दोनची असू शकत होती, तीनचीही.