चौऱ्याण्णव कपाळांची हळद

कुंपणात चौऱ्याण्णव मेंढ्या होत्या, दोन कुत्री, बर्फाचा एक डबा आणि हळदीची एक वाटी. प्रतिक्षानं मोजून वहीत लिहिलं. बीएस्सी झाल्यापासून ती डोंगरकड्याच्या आसपासचे विधी गोळा करून त्यांचे कप्पे पाडत होती: जन्म-लग्न-मरणाचे, सणांचे, शेतीचे, जुने श्रद्धेचे आणि नवे, म्हणजे केक कापणं, ट्रॅक्टरला हार घालणं वगैरे.

आज तिची आत्या चतुराबाई कळपाला लस टोचून घेणार होती. शेजारच्या गावात रोगानं अकरा मेंढ्या गेल्या होत्या.

लस टोचणारा वैजनाथ बाटली हलवत म्हणाला, "शंभर मिली, मेंढीला एक. आता मिसळली की दोन तास, मग फेकायची. पुढची बाटली आठ दिवसांनी येणार."

आत्यानं वाटी उचलली. "आधी माझ्या लेकरांना हळद लागू द्या."

"चौऱ्याण्णव कपाळं? आत्या, टोचून झाल्यावर लाव की!" प्रतिक्षानं हळद 'जुने, श्रद्धेचे' या कप्प्यात टाकली.

"बरं बाई, तुमी शिकलेल्या," म्हणत आत्या दगडावर बसली.

चौथ्या मेंढीलाच कळप बुजला. कुत्री भुंकली, वैजनाथ दोनदा लेंड्यांत बसला.

"ही टोचली का? सगळ्या सारख्याच दिसून राहिल्या!"

"सारख्या? ही हरणी, टोचलेली. ही ठमी, राहिलेली. डोळे घरी ठेवून आलास व्हय?"

चाळीस मिनिटांत बाराच झाल्या. या वेगानं दोन तासांत छत्तीस. प्रतिक्षानं वही मिटली.

"आत्या, लाव हळद."

आत्यानं टोचलेल्या बारा जणी ओळखून त्यांची कपाळं पिवळी केली, मग फाटकाशी बसून हाक दिली, "ये गं ठमे!" ठमी आली नि आत्याचा तळवा चाटू लागली. वाटीत हळदीखाली मीठ होतं, तेच तिनं तळव्यावर घेतलं होतं. ठमीनं मान हलवायच्या आत सुई टोचून झाली, कपाळावर बोट उमटलं. मागं दुसरी उभीच.

"मीठ हाय हे आधी काहून सांगितलं न्हाईस?" प्रतिक्षानं विचारलं.

"तू कुठं विचारलंस? तू नुसतं कपाळ मोजलंस."

वैजनाथनं हसत आपलंही कपाळ पुढं केलं. ते पिवळं करून आत्यानं पुढच्या मेंढीला हाक मारली.

शेवटी प्रतिक्षानं हळदीपुढचं कप्प्याचं नाव खोडलं आणि खाली लिहिलं: राहिलेल्या मेंढ्या शून्य. वेळ एक तास त्रेपन्न मिनिटं. बाटलीत शिल्लक सहा मिली.