तपकिरी, काळा आणि तिसरा पट्टा

धाकट्या लेकीला जुळे मुलगे झाले, त्या वर्षीची ही गोष्ट. सुताराची बायको बाळंतपणासाठी लेकीकडे जाऊन राहिली आणि सुताराच्या मागच्या खोलीतलं अख्खं गाव अंधारात राहिलं.

गाव म्हणजे प्लायवुडच्या फळीवरचं. धंदा मुलाच्या हवाली केल्यावर सुताराने रिकामपणी ते वसवलं होतं. मधोमध स्टेशन, एका बाजूला दुकानांची रांग, दुसऱ्या बाजूला रेल्वेच्या कामगारांची घरं. एकेक घर मुठीएवढं, पण प्रत्येकाचं दार उघडायचं, कारण न उघडणारं दार करायला सुताराचा हात धजत नसे. रूळ, इंजिन आणि तीन डबे तेवढे विकतचे. घराघरांत दिवे मात्र लावायचे होते आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

एलईडीचा बारीक दिवा बारा व्होल्टला सरळ जोडला तर जळतो. म्हणून मधे रेझिस्टर घालायचा. तो वीज अडवून धरतो. किती अडवणार, हे त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायचं. तपकिरी, काळा आणि तिसरा पट्टा लाल असला तर हजार ओहम. स्टेशनाला चालेल असा उजेड. तिसरा नारिंगी असला तर दहा हजार. घरात कोणी जेवत बसलंय असं वाटावं, इतपत मंद. तिसराही तपकिरीच असला तर फक्त शंभर, म्हणजे दिव्याचं राम नाम सत्य. आणि हिरवा असला तर दहा लाख; मग दिवा असून नसल्यासारखा.

सुताराला हे चारही रंग एका चिखलाचे दिसत.

ही गोष्ट जगात फक्त त्याच्या बायकोला माहीत होती. तरुणपणी सुतार आणि त्याचा एक मित्र इंजिन ड्रायव्हरच्या भरतीला गेले होते. डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि आकडा कोणता दिसतो ते विचारलं. सुताराला नुसते ठिपके दिसले. त्याने तसं सांगितलं आणि घरी येऊन मात्र सांगितलं की, नोकरी मीच नाकारली, रुळावरून हलता येत नाही असल्या गाडीत काय राम आहे. मित्र ड्रायव्हर झाला. पुढे त्याच्याच धाकट्या बहिणीशी सुताराचं लग्न झालं, आणि मेहुणा भेटेल त्याला सांगू लागला, "आमच्या भाऊजींनी इंजिनाला लाथ मारली." सुतार नुसती मान हलवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने पिकलेले म्हणून हिरवेगार टोमॅटो आणले. बायकोने ते बघितले, त्याच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने चिरायला घेतले. पुन्हा तिने त्याला भाजीला पाठवलं नाही. एवढ्यावर विषय मिटला.

दिव्यांचं काम दोघं मिळून करत. सुतार रेझिस्टर चिमट्यात धरून पुढे करायचा, ती शेंगा सोलता सोलता म्हणायची, "तपकिरी, काळा, नारिंगी." उजेडाचा निकालही तिचाच. पहिलं घर लागलं तेव्हा ती म्हणाली होती, "एवढा लख्ख? आत कोणाचं ऑपरेशन चाललंय का?" तेव्हापासून घरांना दहा हजार ठरले.

जाताना तिने रेझिस्टर निवडून चार डब्यांत भरले. बटणांच्या डब्यात हजारवाले, बुटाच्या पॉलिशच्या डबीत दहा हजारवाले, आणि न लागणारे दोन प्रकार औषधाच्या दोन डब्यांत.

"मी लेकीला, जावयाला आणि पोरांना घेऊन येईन तेव्हा सगळं लागलेलं असू दे," ती म्हणाली. "आणि जपून. जावई आपला तसला आहे."

जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा; डोळ्यांचा कोणता दोष आजोबाकडून नातवात उतरतो, तेही त्याला पाठ. सुताराची सव्वा लाखाची मूठ उघडायची झाली तर त्याच्यापुढे एक चूक पुरली असती. आणि एकदा त्याला कळलं की लेकीला कळणार, मुलाला कळणार, आणि इंजिनाला लाथ मारणारे भाऊजी डॉक्टरच्या दारातून परत पाठवलेले निघणार.

बायको लेकीकडे गेली आणि मदतीला निवृत्त झालेला ड्रायव्हर येऊ लागला. मदत म्हणजे खुर्चीत बसून दोष काढणं. "सिग्नल कुठाय? सिग्नल नाही तर गाडी सोडणार कोण, तुमची सासू?"

"माझी सासू म्हणजे तुमची आई, ड्रायव्हरसाहेब."

"म्हणून तर म्हणतो. तिने सोडली असती."

एक दिवस सुतार चहा घेऊन खोलीत आला तर चारही डबे धुऊन उपडे घातलेले. टेबलावर एक काचेची बरणी आणि तीत सगळे रेझिस्टर.

"हे काय केलंत?"

"आवरलं. एकच माल चार डब्यांत कशाला?"

"एकच माल?"

"मग? सगळे सारखेच तर आहेत."

सुताराने कप खाली ठेवला. बरणीतून एक रेझिस्टर काढून मेहुण्यापुढे धरला. "याचा तिसरा पट्टा कोणता?"

ड्रायव्हर तो घेऊन खिडकीशी गेला. चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. "तुम्हीच सांगा."

"मी तुम्हाला विचारलं."

"घर तुमचं, माल तुमचा. मी कशाला सांगू?"

चहावर साय धरली. मग ड्रायव्हर म्हणाला, "भाऊजी, त्या डॉक्टरच्या पुस्तकात तुम्हाला काय दिसलं होतं?"

सुतार म्हणाला, "ठिपके."

"मलाही ठिपकेच दिसले."

"मग पास कसे झालात?"

"आधीचा पोरगा बाहेर येऊन आकडे सांगत होता. मी पाठ केले. तुम्ही पाणी प्यायला गेला होतात."

"मला सांगायचं नाही का?"

"मला काय माहीत तुमची गत? मला वाटलं, दुनियेत मीच एक आंधळा. आणि तुम्ही तर नोकरी नाकारली म्हणालात. मी केवढा मान देत आलो तुम्हाला."

"आता नका देऊ."

"नाही देत."

सुताराने चहावरची साय बोटाने काढली. "पुढेही तपासण्या झाल्या असतील."

"पुस्तक एकच होतं."

"आणि गाड्या?"

"सहायक ओरडायचा, 'हिरवा.' मी ओरडायचो, 'हिरवा.' सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्याने म्हणायचं, नियमच आहे. शिवाय खांबावर कोणता दिवा कुठे, ते ठरलेलं."

"आणि सहायकालाही दिसत नसतं तर?"

"त्याची परीक्षा झालेली असते ना."

"तुमचीही झाली होती."

ड्रायव्हरने उठून खोलीचं दार लोटलं. "हे बाहेर गेलं तर माझी पेन्शन जाईल," तो म्हणाला.

"हिला ठाऊक आहे तुमचं?"

"लहानपणापासून. माझ्या चित्रातले रंग तीच सांगायची. एरवी माझी झाडं लालभडक."

बायको टोमॅटोंना का हसली नव्हती, ते सुताराला इतक्या वर्षांनी कळलं. घरच्या रोगाला कोण हसतं.

मग दोघांनी कंबर कसली. एक दिवा घेतला आणि बरणीतला एकेक रेझिस्टर त्याला क्षणभर टेकवून बघितला. डोळे दिपले तर शंभरवाला. स्टेशनासारखा लागला तर हजार, घरासारखा लागला तर दहा हजार, लागलाच नाही तर दहा लाख. पट्ट्यांकडे बघायचंच नाही. जास्त वेळ टेकवल्यामुळे काही दिवे मेले, पण गाव उजळलं. सिग्नलपाशी मात्र गाडं अडलं. दिवे दोन, रंग दोन, आणि दोघांनाही दोन्ही पिवळट.

"वर लाल, खाली हिरवा," ड्रायव्हर म्हणाला.

"पण यातला लाल कोणता?"

"एक असणारच."

सुताराने हाताला लागला तो वर बसवला.

ठरल्या दिवशी सगळे आले. लेकीच्या मांडीवर एक, जावयाच्या खांद्यावर एक. सुताराने घरं लावली, स्टेशन लावलं आणि सिग्नलचं बटण खाली केलं. खालचा दिवा लागला. ड्रायव्हरने शिट्टी फुंकून गाडी सोडली.

सुताराची बायको दारात उभी होती. तिने नेहमीच्या आवाजात म्हटलं, "लाल."

ड्रायव्हर म्हणाला, "लाल," आणि गाडी जागच्या जागी उभी केली.

सुताराने बटण वर केलं. खालचा गेला, वरचा लागला.

"हिरवा," ती म्हणाली.

"हिरवा," ड्रायव्हर म्हणाला, आणि गाडी निघाली.

"मामाचा अजून ड्यूटीचा तोरा," लेक हसून म्हणाली.

जावयाने वाकून सिग्नल बघितला. "मामा, हिरवा वर कसा?"

"आमच्या लाइनला असंच असायचं."

जावयाने सासऱ्याकडे बघितलं, मग मामेसासऱ्याकडे, मग खांद्यावरच्या मुलाकडे बराच वेळ बघत राहिला. शेवटी चष्मा पुसून परत घातला आणि म्हणाला, "उजेड छान धरलाय, बाबा. घरात माणसं असल्यासारखा."

"तिचं माप आहे," सुतार म्हणाला.

त्या दिवशी पोरं झोपेपर्यंत गाडी फिरत होती. जावयाने तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

जुळे चार वर्षांचे असताना, उन्हाळ्यात, ड्रायव्हर वारला. सुताराची बायको त्यानंतरच्या थंडीत, एका बुधवारी सकाळी वारली. मागच्या खोलीत "हिरवा" म्हणायला मग कोणी उरलं नाही.